पोस्ट-इमर्जन्सीला सायकल काढायची नाही

या आठवड्याचं पत्र एका ऑर्थोच्या जेआर वनचं, म्हणजे हाडांच्या विभागातल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरचं आहे. पत्र मोठं होतं, तिची परवानगी घेऊन थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी पुण्यात एका सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑर्थोला आहे, सात महिने झाले. एमबीबीएसला असताना सायकल रेसिंगला लागले, युनिव्हर्सिटीकडून खेळले, इंटर्नशिपमध्ये तर आठवड्याला बारा-तेरा तास सायकल व्हायची आणि लोकल रेसमध्ये दोनदा पोडियम पण आला. आता आठवड्यातून दोन इमर्जन्सी, म्हणजे रात्रभराच्या ड्युट्या असतात, एरवी सकाळी सहाला वॉर्डात आणि रात्री दहा-अकराला रूमवर. तरी मी सोडलं नाहीये, इतर दिवशी पहाटे साडेतीनला उठून ट्रेनरवर (खोलीत जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर) बसते आणि पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे त्या ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन-चारला सुटले की झोपायच्या ऐवजी सायकल काढते कारण उजेडात मिळणारा तेवढाच वेळ असतो. एवढं करूनही मागच्या रविवारी सिंहगडाच्या राइडला गोळेवाडीच्या पुढे पहिल्याच चढाला ग्रुपने मला सोडलं, ज्या पोरांना मी ओढत न्यायचे ती पोरं दिसेनाशी झाली, मी रस्त्याच्या कडेला थांबून रडले. जानेवारीत पुणे ग्रँड टूरची सायकल रेस शहरातून गेली तेव्हा मी ओटीत सी-आर्मच्या एक्स-रे मशीनपाशी उभी होते. लेक्चरर म्हणतात सायकल की डिग्री एक काय ते ठरव, आई पण तेच म्हणते. पण ऑस्ट्रियाच्या कीसेनहोफरने गणित शिकवता शिकवता सायकलिंगचं ऑलिंपिक गोल्ड आणलं, आपल्याकडचे लांब पल्ल्याच्या सायकल रेस करणारे अमित समर्थ, श्रीनिवास गोकुळनाथ, नाशिकचे महाजन बंधू हे सगळे डॉक्टरच ना? मग मलाच का जमत नाहीये? अजून लवकर उठू, की सोडून देऊ?"

बाळा, दोन्ही नको. लवकर उठू नकोस आणि सोडूही नकोस. पण आधी एक गोष्ट सांगते आणि ती सल्ला म्हणून ऐकू नकोस, ऑर्डर म्हणून ऐक. पोस्ट-इमर्जन्सीला सायकल घेऊन रस्त्यावर जायचं आजपासून बंद. हॉस्टेल ते मेस पण नको.

का ते सांगते. मी ॲनेस्थेशियाला मुंबईत होते, सेकंड इयरला. तेव्हा मी पण रेसिंग करायचे आणि माझाही हिशोब तुझ्यासारखाच होता की ड्युटी संपली की दिवसाचे तीन तास माझे. एका पोस्ट-इमर्जन्सीला चार वाजता निघाले, घोडबंदर रोडला लागले, आणि पुढचं मला आठवतं ते एकदम डिव्हायडर. ब्रेक लावल्याचं आठवत नाही, कोणी आडवं आल्याचं आठवत नाही, कारण कोणी आलंच नव्हतं. मी सायकल चालवता चालवता झोपले होते. उजवं क्लॅव्हिकल, म्हणजे कॉलरबोन, मोडलं. मागून ट्रक नव्हता म्हणून आज हे लिहितेय. मी सहा आठवडे घरी बसले आणि ते सहा आठवडे माझ्या इमर्जन्सी माझ्या को-जेआरने केल्या, तिच्या स्वतःच्या होत्याच त्यावर माझ्याही, आणि त्यात तिच्या सख्ख्या बहिणीचा साखरपुडा होता, तिला जाता आलं नाही. ती मला एक शब्द बोलली नाही. हाड जुळलं, ते साखरपुड्याचं अजून सलतं.

तेव्हा मला वाटायचं की मला झोप येत नाहीये, मी ठीक आहे. हेच तर फसवं असतं. १९९७ साली डॉसन आणि रीड या दोघांनी नेचरमध्ये छापलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेला माणूस हातापायाच्या आणि लक्षाच्या कामात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो, आणि २४ तासांना तो आकडा ०.१० च्या आसपास जातो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात मर्यादा किती आहे, १०० मिलीला ३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३. तू दुपारी चारला सायकल काढतेस तेव्हा ३२-३४ तास जागी असतेस, मध्ये प्लास्टर रूमच्या बाकावर वीस मिनिटं डोळा लागला असेल तेवढाच. दारू पिऊन चांदणी चौक उतरशील का? नाही ना. मग हे कसं चालतं तुला.

आणि तू ऑर्थोची आहेस, पसरलेल्या हातावर पडल्यावर काय काय मोडतं हे तुला मी सांगायचं का. मनगटातल्या स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही कधी कधी. तुझे हात म्हणजे तुझं पुढचं सगळं आयुष्य आहे, रेसिंगपेक्षा मोठं, आणि हे मी रेसिंगवर जीव असलेली बाई म्हणून सांगतेय.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते, की एवढं करूनही पाय का चालत नाहीत. तुला वाटतंय ट्रेनिंग कमी पडतंय. तुझ्या पत्रातले आकडे मी कागदावर मांडले, रात्री अकराला रूमवर, जेवण-आंघोळ-दुसऱ्या दिवशीची केस बघून साडेबाराला झोप, साडेतीनला अलार्म. तीन तास. आणि आठवड्यात दोन रात्री शून्य. अगं ट्रेनरवर बसून काही मिळत नसतं, तिथे फक्त शरीराला सांगितलं जातं की बदल, बदल होतो तो नंतर, झोपेत. तू सांगतेयस रोज आणि बदलायला वेळ देत नाहीयेस. ज्या पोरांनी तुला सोडलं ती पोरं ऑफिसला जातात, रात्री सात-साडेसात तास झोपतात, तेवढाच फरक आहे, तुझ्या पायांचं काही बिघडलेलं नाही.

अजून एक अभ्यास सांगते, व्हॅन डोंगेन आणि बाकीच्यांचा, २००३ चा. लोकांना १४ दिवस रोज सहा तास झोपू दिलं, सहा, तुझ्या दुप्पट. दोन आठवड्यांनी त्यांची लक्ष द्यायची क्षमता दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या जवळ जाऊन पोचली होती आणि गंमत नाही, भीतीदायक भाग हा की त्यांना स्वतःला विचारलं तर ते म्हणत होते थोडीशी झोप आहे बाकी ठीक. म्हणजे सवय होते असं जे सीनियर सांगतात ना, सवय जाणवण्याची होते, कामगिरी मात्र घसरत जाते. उलट बाजूने बघायचं तर स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल टीमवर २०११ मध्ये प्रयोग झाला, त्यांना पाच ते सात आठवडे दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं आणि स्प्रिंटचा वेळ सुधारला, फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले. तुला दहा तास मिळणार नाहीत हे मला माहितीये, सरकारी हॉस्पिटलची रेसिडेन्सी मी काढलीये. पण झोप हेच तुझं ट्रेनिंग आहे हे डोक्यात बसावं म्हणून सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं असं की आता किलोमीटर मोजणं बंद कर आणि झोप मोज. सात दिवसांतली झोप मिळून. इमर्जन्सीच्या दोन रात्री धरून आठवड्याला चाळीसच्या खाली गेली तर त्या आठवड्यात जोरातलं काही करायचंच नाही, आणि चाळीसच्या वर गेली तर करायचं, तेही थोडंच. हा चाळीसचा आकडा कुठल्या जर्नलमधला नाही हं, माझा आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींचा अनुभव आहे. इमर्जन्सीच्या रात्री मिळून दोन-तीन, पोस्टच्या दोन रात्री नऊ-नऊ, उरलेल्या तीन रात्री साडेसहा, म्हणजे होतात चाळीस. पोस्टच्या दिवशी तू सायकल सोडून चारला रूमवर गेलीस, जेवलीस आणि आठला झोपलीस की हे गणित बसतं, बघ करून.

आता थोड्या वेळात काय करायचं. इथे मी तुला एक खरोखर दिलासा देणारी गोष्ट सांगणार आहे. १९८० च्या दशकात हिक्सन नावाच्या संशोधकाने माणसांना दहा आठवडे आठवड्याला सहा दिवस रोज ४० मिनिटं कडक ट्रेनिंग दिलं आणि मग पुढचे १५ आठवडे कमी केलं. काही जणांचे दिवस कमी केले, सहाचे दोन. काही जणांची मिनिटं कमी केली, चाळिसाची तेरा. दोन्हीकडे व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, टिकला, पंधरा आठवडे. पण ज्यांचा जोर कमी केला, म्हणजे तेवढेच दिवस तेवढीच मिनिटं पण सावकाश, त्यांचा पडला. याचा अर्थ तुझ्यासाठी सरळ आहे, वेळ कापला तरी चालेल, जोर कापायचा नाही. आणि तू नेमकं उलटं करतेयस, कारण तीन तास झोपून पहाटे साडेतीनला कोणाच्याही पायात जोर येत नाही, तू तिथे तासभर अर्धवट फिरवत बसतेस, ना धड सावकाश ना धड जोरात, आणि वर झोप गेली ती गेलीच. एक सांगायला हवं, तेरा मिनिटंवाल्या गटाची लांब पल्ल्याची ताकद मात्र घटली होती. तीन तासांच्या रोड रेसच्या शेवटच्या अर्ध्या तासात तुझे पाय आता पूर्वीसारखे राहणार नाहीत, ते मान्य करून टाक, दोन-अडीच वर्षांसाठी.

माझ्या डोक्यात तुझा आठवडा असा आहे. इमर्जन्सीचा दिवस आणि पोस्टचा दिवस, सायकल शून्य, ट्रेनर पण नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. पोस्टच्या रात्री मस्त झोपून उठलीस की त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी किंवा लवकर सुटलीस तर संध्याकाळी, ट्रेनरवर पंचेचाळीस मिनिटं. बारा मिनिटं वॉर्मअप, मग तीन-तीन मिनिटांचे पाच जोरातले, मध्ये तीन मिनिटं हलके, सहा मिनिटं थंड व्हायला, संपलं. जोरातले म्हणजे शेवटच्या मिनिटाला एक वाक्य धड बोलता येऊ नये इतके. आठवड्यात दुसऱ्यांदा जमलं तर बारा-बारा मिनिटांचे दोन, थोडे कमी जोराचे, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल त्या जोराच्या) जरा खाली. आणि वीकली ऑफ मिळाला, खरंच मिळाला, आणि आदल्या रात्री सात तास झोप झाली असेल, तर बाहेर अडीच-तीन तास, उजाडल्यावर, कोणाबरोबर तरी. एकटीने अंधारात निघू नकोस, पुणं असलं तरी. सगळं मिळून साडेचार तास. आधीच्या एक तृतीयांश. आणि मी खात्रीने सांगते की दोन महिन्यांत तू गोळेवाडीच्या पुढे त्यांच्या चाकामागे असशील, कदाचित वरपर्यंत नाही, पण पहिल्या चढाला सुटणार नाहीस.

एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेव, आदल्या रात्री सहा तास झाले नसतील तर जोरातलं सेशन रद्द, पुढे ढकलायचं नाही, रद्द. ढकलत गेलीस की आठवड्याच्या शेवटी तीन सेशन एकावर एक साठतात आणि मग तू ती सगळी रविवारी उरकायला जातेस, तुझ्या पत्रावरून तुझा स्वभाव तोच दिसतो, मीही तशीच होते.

आणि ट्रेनरच्या ॲपमध्ये एफटीपी अजून इंटर्नशिपचीच आहे ना? मला खात्री आहे असणार. म्हणजे प्रत्येक सेशन तुझ्या आत्ताच्या पायांना दहा-पंधरा टक्के जास्त पडतंय, तू ते अर्ध्यात सोडतेस आणि स्वतःला नापास ठरवून ओटीला जातेस. नीट झोप झालेल्या एखाद्या दिवशी वीस मिनिटांची टेस्ट दे, सरासरीच्या ९५ टक्के धर, जो आकडा येईल तो टाक. कमी येईल. येऊ दे. तो आजचा आकडा आहे आणि आज त्याच्यावरूनच काम करायचंय.

खाण्याचं थोडक्यात सांगते कारण तुला शिकवायची गरज नाही, फक्त करायची गरज आहे. मेस बंद व्हायच्या आत पोचत नाहीस, मग दोन वडापाव आणि चार चहावर दिवस जातो, आणि त्यावर इंटरव्हल. एप्रनच्या खिशात चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर काहीही ठेव, रूमवर अंडी उकडायची किटली, दूध, केळी. सेशननंतर अर्ध्या तासात काहीतरी खाल्लंच पाहिजे. पाळी पुढे-मागे व्हायला लागली किंवा बंद झाली तर ते स्ट्रेसवर ढकलू नकोस, तो पोटात कमी जात असल्याचा इशारा असतो आणि हाडांवर जातो, आणि हाडांचं मी तुला काय सांगणार. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको, कॅफिन निम्मं उतरायला पाच-एक तास लागतात. आणि ताप असेल, अगदी बारीक असला तरी, सायकल नाही. वॉर्डात डेंग्यूपासून टीबीपर्यंत सगळं फिरत असतं, तापात जोर लावून हृदयाला सूज आणून घेतलेली तरुण मुलं मी आयसीयूत बघितलीयेत.

आता कीसेनहोफर. मलाही ती फार आवडते. २५ जुलै २०२१, टोकियो, १३७ किलोमीटर, सुरुवातीलाच अटॅक केला आणि शेवटचे ४१ किलोमीटर एकटी, मागे सगळ्या प्रोफेशनल, आणि नेदरलँड्सची व्हॅन व्ह्लूटन दुसरी येऊन हात वर करते कारण तिला माहितीच नसतं की कोणीतरी सव्वा मिनिट आधी येऊन गेलंय. मी ती रेस बघताना रडले होते. पण तिच्या नोकरीचा विचार कर ना. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ती गणिताची पोस्टडॉक होती, स्वतःचं ट्रेनिंग स्वतः आखायची. सोपं नव्हतंच ते, पण गणिताचा पेपर रात्री अडीचला पेजर वाजवून कॅज्युअल्टीत बोलवत नाही. तिच्याकडे दिवसाचा ताबा होता. तुझ्याकडे तो नाही, यात तुझी कमकुवत इच्छाशक्ती वगैरे काही नाही.

आणि आपली माणसं. महाजन बंधूंनी २०१५ ला जोडीने रॅम, म्हणजे रेस ॲक्रॉस अमेरिका, पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर, तेव्हा आमच्या नाशकात काय वातावरण होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. २०१७ ला गोकुळनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे समर्थ, दोघांनी एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत तीच रेस संपवली. डॉक्टर सगळेच. पण महाजन बंधू तेव्हा आपापल्या प्रॅक्टिसमध्ये होते, गोकुळनाथ सैन्यात लेफ्टनंट कर्नल होते, जेआर वन कोणीच नव्हतं. तू त्यांची पंधरा वर्षांनंतरची आवृत्ती घेऊन स्वतःच्या सातव्या महिन्याशी तुलना करतेयस. तुझ्याच शाखेतला एक माणूस सांगते, एरिक हायडन. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची पाचच्या पाच सुवर्णपदकं घेतली, मग सायकलकडे वळला, १९८६ ची टूर द फ्रान्स खेळला, संपायला थोडेच दिवस असताना उतारावर पडला. डॉक्टरकी त्याने त्यानंतर पूर्ण केली, १९९१ ला स्टॅनफर्डमधून एमडी झाला आणि पुढे ऑर्थोपेडिक सर्जन. एकाच आयुष्यात दोन्ही केलं, पण एका वेळी एकाला पुढे ठेवून.

तुझ्या लेक्चररांनी एक निवड असं म्हटलं त्यात मला चूक एवढीच वाटते की ते कायमचं निवड म्हणतायत. मी म्हणते आत्तापुरतं निवड, आणि आत्ता डिग्री पुढे. सायकल मागच्या चाकावर, ड्राफ्टमध्ये. रेसमध्ये पण कोणी सगळा वेळ पुढे राहून ओढत नाही, वाऱ्यामागे बसून ताकद राखणं हा पळपुटेपणा नसतो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

म्हणून तीन वर्षं एकदम समोर मांडून बघ. पहिलं वर्ष टिकवायचं. या वर्षात सगळे एकत्र सुटतात त्या ग्रुपच्या रेस नकोत, विशेषतः क्रिटेरियम, म्हणजे छोट्या सर्किटवर फेऱ्या मारायची रेस, तर नकोच, तिथे पडणं आपल्या हातात नसतं, पुढचा पडला की आपण पडतो. एकेकट्याने घड्याळाशी खेळायची टाइम ट्रायल कर, घाटाची रेस कर, चढावर वेग कमी असतो आणि पडलंच तरी खरचटण्यावर भागतं, शिवाय तुझे तीन-तीन मिनिटांचे इंटरव्हल तिथेच कामाला येतात. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर संपवायची राइड, करायची तर २०० किलोमीटरची कर, साडेतेरा तास मिळतात, वीकली ऑफला बसते, दुसऱ्या दिवशी इमर्जन्सी नसेल एवढं बघ. ६०० च्या वाटेला रेसिडेन्सी संपेपर्यंत जाऊ नकोस, ४० तासांत ती संपवायची म्हणजे अजून एक रात्र जागायची, आणि तुझ्याकडे रात्रींचा आधीच तुटवडा आहे. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर ही रेस तुझ्या मनात असणार, पुण्यातल्या प्रत्येकाच्या असते, ती पास होऊन मग.

सेकंड इयरला एक संधी येते जी फार जण वाया घालवतात. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी. तीन महिने, तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी, जिल्हा रुग्णालयात. सगळीकडे सारखं नसतं पण बऱ्याच ठिकाणी तिथे ट्रॉमाचा तो भडिमार नसतो आणि रात्री झोप मिळते. माझ्याकडे येणाऱ्या एका पेड्सच्या (बालरोग विभागातल्या) मुलाने त्या तीन महिन्यांत जेवढी सायकल चालवली तेवढी आधीच्या दीड वर्षात चालवली नव्हती. रोस्टर ठरताना लक्ष ठेव, को-जेआर्सशी आधी बोल, हिवाळ्यात मिळाली तर रेस सीझन पण साधतो. तिथे तू आठवड्याला आठ-नऊ तासांवर जा, तिथे ग्रुपमधली रोड रेस कर, तिथे पोडियमची इच्छा धर. थर्ड इयरच्या शेवटच्या सहा महिन्यांत परीक्षा, तेव्हा पुन्हा आठवड्याला दोन छोटी सेशन, डोकं ताळ्यावर राहावं म्हणून.

सुट्टीचं पण सांगते. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) २०२३ च्या नियमांत पीजीला वर्षाला किमान २० दिवस पगारी सुट्टी आणि आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली आहे, कामाच्या सोयीने. कागद आणि वॉर्ड यात अंतर असतं, मला भांडायला सांगायचं नाहीये, पण मागणं म्हणजे भीक नाही हे लक्षात ठेव. रेससाठी सुट्टी टाकायची तर रेससाठी म्हणूनच टाक. पोट बिघडलंय, आजी आजारी आहे असलं काही नको, फोटो दुसऱ्याच दिवशी वॉर्डाच्या ग्रुपवर येतो आणि मग तुझी खरी आजारपणंही कोणी मानत नाही.

आणि ड्युटी बदलून घेशील तेव्हा आधी त्यांची करून दे, मग तुझी माग. हे मी माझ्या त्या को-जेआरकडून शिकले, फार उशिरा. युनिटमध्ये तुझ्याबरोबर दुसरा किंवा दुसरी जेआर कोण आहे ते तू लिहिलं नाहीस, पूर्ण पत्रात एकदाही नाही, ट्रेनरच्या वॉटेजचा आकडा मात्र तीनदा आलाय. त्यांना माहितीये का की तू काय करतेस? चोरून करू नकोस. चहाला घेऊन जा आणि सरळ सांग की मला हे करायचंय, आठवड्यातून तीनदा, तुमच्यावर एकही काम पडणार नाही, आणि महिन्यातून एक रविवार मला लागेल, बदल्यात तुमचा कुठलाही. ट्रेनरचा आवाज खालच्या खोलीत जातो तेव्हा तिथे कोणीतरी पोस्ट-इमर्जन्सीचं झोपलेलं असतं याचाही विचार कर, खाली जुनी गादी टाक, किंवा वॉर्डनला विचारून तळमजल्यावर जागा माग.

आईला मात्र वेगळं उत्तर लागेल. तिला डिग्रीची भीती नाहीये, तिला तू मरशील याची भीती आहे, आणि इतके दिवस ती बरोबर होती. तिला फोन करून सांग की पोस्ट-इमर्जन्सीची सायकल बंद केलीये, रात्री आठला झोपते. आणि मग खरंच झोप, कारण सव्वाआठला ती फोन करून बघणार.

ग्रुपबद्दल शेवटचं. त्या रविवारी तू एकटी थांबून रडलीस आणि घरी परत गेलीस असं लिहिलंयस. पुढच्या वेळी तासभर आधी निघ, किंवा डोणज्यापर्यंतच त्यांच्याबरोबर जा आणि त्यांना म्हण तुम्ही व्हा वर, मी चहाच्या टपरीवर आहे. तुला त्या पोरांची आठवण येतेय, वॉटेजची कमी आणि त्यांची जास्त, मला तरी पत्र वाचून असंच वाटलं. भजी-चहा झाला की उतारावरून सगळ्यांबरोबर परत ये. ट्यूब आणि पंप घेतेस ना बरोबर अजून?

दोन आठवड्यांनी मला परत लिही. झोपेचे तास लिहून पाठव, चौदा ओळी, इमर्जन्सीच्या रात्री लाल पेनाने. टेस्ट दिलीस तर तो आकडा पण चालेल पण तो खाली, बारीक अक्षरात.